शाब्ली: पुण्यात कोणती घ्यावी, कशी उघडावी, कशासोबत प्यावी

फ्रान्सची एकच पांढरी वाईन घ्यायची असेल आणि घरात मासे शिजत असतील, तर शाब्ली घ्या. त्यातही लेबलवर नुसतं ‘शाब्ली’ लिहिलेली बाटली घ्या, म्हणजे चार पायऱ्यांपैकी खालून दुसरी. सगळ्यात खालची पेती शाब्ली पुण्यात पोचेपर्यंत तिच्या लायकीपेक्षा महाग झालेली असते. सगळ्यात वरची ग्राँ क्रू आपल्याकडे बहुतेक वेळा इतकी लवकर आणि इतकी थंडगार उघडली जाते की तिचे पैसे वसूल होत नाहीत. मधल्या दोन पायऱ्यांवर मात्र ही वाईन फार नेमकी आहे, आणि किनारपट्टीच्या जेवणाशी तिचं जितकं जमतं तितकं दुसऱ्या कुठल्या फ्रेंच वाईनचं क्वचितच जमतं.

दोन-तीन वर्षांची साधी शाब्ली ग्लासात ओतली की रंग फिकट पिवळा दिसतो, कडेला किंचित हिरवट. वासात आधी हिरवं सफरचंद आणि लिंबाची साल येते, मग पांढऱ्या फुलांचा हलका दरवळ, आणि त्याच्या मागे ओल्या खडूचा वास. पहिल्याच घोटाला जिभेच्या दोन्ही कडांना पाणी सुटतं. साखर जवळजवळ नसतेच, बहुधा लिटरला तीन ग्रॅमच्या आत. अल्कोहोल साडेबारा टक्क्यांच्या आसपास. घोट गिळल्यावर तोंडात गोडवा राहत नाही. राहतो तो एक खारटसर कोरडेपणा, आणि त्यामुळेच पुढचा घास घ्यावासा वाटतो. नाशिकची किंचित गोडसर शेनिन पिऊन सवय झालेल्यांना शाब्ली सुरुवातीला आंबट लागते. ती जेवणाबरोबर प्यायची वाईन आहे, गप्पा मारत नुसती पिण्याची नाही. बशीत तळलेला बोंबील आला की तोच आंबटपणा कामाला येतो.

शाब्ली हे गाव, द्राक्ष शार्डोने. नियमाप्रमाणे या बाटलीत शंभर टक्के शार्डोनेच लागते, दुसरा कुठलाही वाण मिसळलेला चालत नाही. 1999 साली डीएनए तपासणीतून असं सिद्ध झालं की शार्डोने हा पिनो आणि ग्वे ब्लाँ या दोन वाणांच्या संकरातून आलेला वाण आहे. पिनो खानदानी मानला जाणारा वाण, तर ग्वे ब्लाँ इतका सामान्य की त्याची लागवड आज जवळपास संपलेली आहे. शार्डोनेला स्वतःची अशी ठसठशीत चव कमी असते. जमीन, हवा आणि तळघरात तिच्यावर होणारे संस्कार, यांतून तिची वाईन घडते. म्हणूनच ‘मला शार्डोने आवडत नाही’ म्हणणाऱ्या बऱ्याच जणांना खरं तर ओकचं नवं पिंप आवडत नसतं. व्हॅनिला, भाजलेला पाव, लोणी हे सगळं लाकडातून आणि त्याच्याशी जोडलेल्या प्रक्रियेतून येतं. साधी शाब्ली जवळपास नेहमी स्टीलच्या टाकीत होते. हिरव्या सफरचंदातलं मॅलिक आम्ल दह्यातल्या लॅक्टिक आम्लात बदलून घेण्याची दुसरी आंबवण इथेही करतात, नाही तर वाईन सोसवणार नाही. पण लोण्याचा वास वर येऊ देत नाहीत. मग ती काही महिने यीस्टच्या बारीक गाळावर ठेवतात. तोंडात जो थोडा भरीवपणा जाणवतो, तो त्या गाळाचा.

आपल्याकडे शार्डोने होते. अकलूजची पिऊन पाहा आणि मग शाब्ली प्या, म्हणजे एकच द्राक्ष किती वेगळं बोलू शकतं ते कळेल. महाराष्ट्रात एप्रिलमध्ये वेल वाढवण्यासाठी खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळासाठी गोडी छाटणी होते, आणि द्राक्ष जानेवारी ते मार्चमध्ये, वाढत्या उन्हात पिकतं. साखर झपाट्यानं चढते, आम्ल झपाट्यानं उतरतं, म्हणून चवीत अननस, पिकलेला आंबा, खरबूज येतं. शाब्ली आहे जवळपास 48 अंश उत्तर अक्षांशावर, पॅरिसच्या आग्नेयेला साधारण 180 किलोमीटरवर, योन जिल्ह्यात सरँ नदीच्या काठी. कागदोपत्री ती बुर्गोन्यचा भाग. प्रत्यक्षात बुर्गोन्यच्या मुख्य गावापेक्षा, बोनपेक्षा, तिला शॅम्पेनच्या दक्षिणेकडच्या बागा जवळ आहेत. छाटणी एकदाच, हिवाळ्यात. तोडणी साधारण सप्टेंबरमध्ये, रात्री गार होत असताना. द्राक्ष सावकाश पिकतं आणि आम्ल टिकून राहतं.

या थंडीची किंमत वसंतात मोजावी लागते. एप्रिलमध्ये वेलीचे डोळे फुटतात आणि नेमकं तेव्हाच दहिवर, म्हणजे गोठलेलं दव, पडतं. 2016, 2017 आणि 2021 ही वर्षं तिथल्या बागाईतदारांनी याच कारणानं हलाखीत काढली. निफाडमध्ये पारा उतरला की आपले शेतकरी बागेत शेकोट्या पेटवतात. तिकडे ओळींमधून पॅराफिनच्या मोठ्या मेणबत्त्या लावतात. दुसरा उपाय ऐकायला उलटा वाटतो: फुटव्यांवर रात्रभर पाणी फवारायचं. पाणी गोठताना उष्णता बाहेर टाकतं, त्यामुळे बर्फाच्या कवचातला कोंब शून्याच्या आसपासच राहतो, त्याखाली जात नाही. पण फवारा पारा शून्यावर येण्याआधी सुरू व्हावा लागतो आणि बर्फ वितळेपर्यंत थांबता कामा नये. मध्येच पंप बंद पडला तर बाष्पीभवनानं कोंब आणखी गार होतो आणि नुकसान फवारा न करण्यापेक्षा जास्त होतं. शाब्लीच्या किमती वर्षागणिक उड्या का मारतात, याचं अर्धं उत्तर या रात्रींमध्ये आहे.

आता जमीन, कारण शाब्लीची सगळी प्रतवारी जमिनीची आहे. इथे द्राक्षबागेच्या जागेला दर्जा मिळतो. वाईन चाखून गुण देऊन ‘प्रमिए क्रू’, म्हणजे वरून दुसरी पायरी, ठरवत नाहीत. उतारांवर आहे ती किमरिजियन काळातली चुनखडीयुक्त चिकणमाती, सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वीची, स्वल्पविरामासारख्या वाकड्या बारीक शिंपल्यांनी भरलेली. वरच्या पठारांवर तिच्यानंतरच्या काळातला, जास्त कडक पोर्टलँडियन चुनखडक आहे. शिंपल्यांची चव वाईनमध्ये उतरते असं दुकानांत आणि चाखणीच्या कार्यक्रमांत सर्रास सांगतात. ते खरं नाही. मुळं खडकाची चव शोषून घेत नाहीत. ही माती पाण्याचा निचरा नीट करते, चिकणमातीमुळे उन्हाळ्यात ओल धरते, आणि वेल अंगापेक्षा फळाकडे लक्ष देतो. त्यातून येणारं टिकाऊ आम्ल, लाकडाचा अभाव आणि आंबवताना तयार होणारी गंधकयुक्त संयुगं, या सगळ्यांचा मिळून तो ‘खडूसारखा’ परिणाम होतो.

पायऱ्या अशा. पेती शाब्लीला 1944 साली वेगळी मान्यता मिळाली. बागा मुख्यतः पठारावर, वाऱ्यावर, पोर्टलँडियन खडकावर. वाईन हलकी, लिंबासारखी, लवकर पिण्याची. वाईट अजिबात नव्हे. पॅरिसमधल्या साध्या खानावळीत दुपारच्या जेवणाबरोबर ती फार छान लागत असणार, पण तिथे ती स्वस्त असते. आपल्याकडे वर्षानुवर्षं दीडशे टक्के आयात शुल्क, वाहतूक आणि राज्याचे कर यांचा बोजा बसल्यावर पेती आणि साधी शाब्ली बऱ्याचदा शेजारी शेजारी येऊन बसतात. हिशोब सोपा ठेवा: दोन्हींत फरक पंधरा-वीस टक्क्यांचा असेल तर वरची घ्या. पेती जवळपास निम्म्या किमतीत मिळाली आणि दोन वर्षांच्या आतली असली, तरच तिचा विचार करा.

दुसरी पायरी, साधी शाब्ली, 1938 सालच्या नियमांतली. सगळ्यात मोठं क्षेत्र तिचंच. विसाव्या शतकाच्या मध्यावर फिलॉक्सेरा किडीचा जुना फटका, युद्धं आणि दहिवर यांमुळे शाब्लीत फक्त पाचशे हेक्टर बागा उरल्या होत्या. आज त्या साडेपाच हजारांवर आहेत. वाढ एवढी झपाट्यानं झाली म्हटल्यावर सगळ्याच जमिनी सारख्या चांगल्या नाहीत हे उघड आहे. त्यामुळे या पायरीवर उत्पादकाचं नाव पाहणं सगळ्यात महत्त्वाचं ठरतं.

तिसरी, शाब्ली प्रमिए क्रू. चाळीस बागांना हा दर्जा आहे, पण बाजारात मुख्यतः सतराच नावं फिरतात, कारण छोट्या बागा शेजारच्या मोठ्या नावाखाली विकता येतात. नदीच्या उजव्या काठावरची फुर्शोम, मोंते द तोनेर आणि मों द मिलिय ही नावं जास्त भरीव, पिकलेल्या फळाची. ग्राँ क्रूच्या डोंगरउताराशी त्यांचं नातं जवळचं. डाव्या काठावरची मोंमँ, व्हायों आणि कोत द लेशे ही जास्त ताठ, लिंबाळ. मासे असतील तर डावा काठ, नारळाच्या दुधातला रस्सा किंवा कोंबडी असेल तर उजवा, एवढं धरून चाललात तरी सहसा फसायला होत नाही. लेबलवर बागेचं नाव नसून नुसतं ‘प्रमिए क्रू’ असेल, तर ती बहुधा अनेक बागांची मिसळण असते. त्यात कमीपणा काही नाही, पण एकाच बागेच्या बाटलीएवढी किंमत तिला देऊ नका.

चौथी, ग्राँ क्रू. गावासमोरचा एकच नैऋत्यमुखी उतार, सुमारे शंभर हेक्टर, आणि त्यात सात नावं: ब्लांशो, बुग्रो, ले क्लो, ग्रनुय, प्रोझ, व्हालम्यूर, व्होदेझीर. यांच्या जोडीला ‘ला मुतोन’ हे नाव दिसतं. ती व्होदेझीर आणि प्रोझमध्ये पसरलेली बाग आहे, अधिकृत आठवी ग्राँ क्रू नव्हे. उत्पन्नाची मर्यादा इथे हेक्टरी 54 हेक्टोलिटर (एक हेक्टोलिटर म्हणजे शंभर लिटर), साध्या शाब्लीला 60. फरक फार नाही. खरा फरक उताराचा, उन्हाचा आणि मातीच्या खोलीचा. ग्राँ क्रू पहिली पाच-सहा वर्षं मिटलेलीच असते. दहा वर्षांनी तिच्यात मध, हेझलनट, अळंबीचा वास उघडतो. पुण्यात बारा-तेरा अंशांवर दहा वर्षं ठेवायची सोय असेल तर जरूर घ्या. आज रात्री उघडायची असेल तर त्याच पैशात प्रमिए क्रूच्या दोन बाटल्या आणा.

लेबलवर फसवणारे काही शब्द आहेत. ‘ग्राँ व्हँ द बुर्गोन्य’, म्हणजे बुर्गोन्यची थोर वाईन, हे सोनेरी अक्षरात छापतात. त्याचा प्रतवारीशी काडीचा संबंध नाही, ते पेती शाब्लीवरही असू शकतं. ‘व्हिय्ये व्हीन्य’, जुन्या वेली, याला कायद्यानं ठरवलेलं वय नाही. चांगल्या उत्पादकाकडून आलेलं असलं की अर्थ आहे, एरवी नाही. ‘मिज आँ बुतेय’, म्हणजे बाटलीबंद केलं, याच्या पुढे ‘दोमेन’ असेल तर द्राक्षं आणि बाटलीबंदी त्याच बागाईतदाराची. नुसतं कंपनीचं नाव असेल तर वाईन किंवा द्राक्षं विकत घेतलेली असू शकतात. हे दुसरं प्रकरण वाईट असतं असं मात्र मुळीच नाही. आणि ‘बुर्गोन्य शार्डोने’ ही वेगळी वाईन आहे. द्राक्ष तेच, प्रदेश तोच, पण ती शाब्ली नव्हे.

उत्पादकांबद्दल. 1923 साली स्थापन झालेली ला शाब्लिझिएन ही सहकारी संस्था गावातल्या एकूण वाईनपैकी साधारण चौथा भाग बनवते. आपल्याला सहकारी साखर कारखाने ठाऊक आहेत, तशी सभासदांची द्राक्षं एकत्र आणून चालणारी ही संस्था, आणि तिचा दर्जा सातत्यानं चांगला. पहिल्यांदा घेणाऱ्यानं इथून सुरुवात करायला हरकत नाही. विल्यम फेव्हर आणि जाँ-मार्क ब्रोकार ही नावं स्वच्छ, सरळ शैलीची. लुई मिशेल लाकडाला हातच लावत नाहीत, त्यांची प्रमिए क्रूही स्टीलमधलीच. दुसऱ्या टोकाला राव्हनो आणि दोव्हिसा: जुन्या ओकमध्ये, पूर्वी 132 लिटरच्या छोट्या ‘फय्येत’ पिंपांची परंपरा असलेली, संथ वाढणारी वाईन. त्यांची बाटली समोर आलीच तर किंमत पाहून धक्का बसेल, आणि ती आंतरराष्ट्रीय मागणीची किंमत आहे, पुण्याच्या दुकानदाराची नव्हे.

पुण्यात शाब्लीचं खरं नुकसान बंदर ते ग्लास या वाटेवर होतं. बहुतेक आयात न्हावा शेवाला उतरते, गोदामात पडून राहते, मग ट्रकनं घाट चढते. तीस अंशांच्या वर काही आठवडे काढलेली पांढरी वाईन विरजते असं नाही, पण तिच्यातलं हिरवं सफरचंद निघून जातं आणि मार लागलेल्या सफरचंदाचा वास येतो. म्हणून बाटली हातात घेतल्यावर आधी वाईनची पातळी पाहा. मानेच्या खाली आलेली असेल तर ठेवून द्या. मग वरच्या टोपीखाली बोटानं चाचपा: चिकट लागलं किंवा बूच किंचित वर आलेलं दिसलं, तर ती बाटली तापली होती. उजेडात रंग पाहा. तीन वर्षांच्या साध्या शाब्लीचा रंग गडद सोनेरी नसतो. मागच्या बाजूला आयातदाराचं स्टिकर असतं, त्यावर आयातदाराचं नाव आणि किंमत तपासा. साध्या शाब्लीचं द्राक्षवर्ष, म्हणजे लेबलवर छापलेलं द्राक्षतोडणीचं वर्ष, पाच वर्षांपेक्षा जुनं असेल तर सवलत मिळत असली तरी घेऊ नका.

कॅम्प, कोरेगाव पार्क, औंध, बाणेर भागातल्या मोठ्या दुकानांत आयात वाईनचं वेगळं कपाट असतं. ते कपाट गार आहे का, दुकान बंद झाल्यावरही गार राहतं का, हे दुकानदाराला विचारायला लाजू नका. ज्याला हा प्रश्न कळतो त्याच्याकडूनच घ्या. दिव्याखाली उभी ठेवलेली दर्शनी बाटली कधीच घेऊ नका, आतली मागा. आणि शक्य असेल तर वर्षाची खरेदी डिसेंबर-जानेवारीत उरका. मे महिन्यात गाडीच्या डिकीत दोन तास राहिलेली बाटली वाचत नाही.

स्क्रूकॅपची शाब्ली पाहून नाक मुरडू नका. आपल्या हवेत साध्या शाब्लीला स्क्रूकॅप जास्त भरवशाचा, कारण बुचातून येणारा दोष टळतो. तो दोष ओळखायला सोपा आहे: ओल्या पुठ्ठ्याचा, भिजलेल्या गोणपाटाचा वास, आणि फळाचा पत्ताच नाही. हा वास हवेनं जात नाही, वाढतो. रेस्टॉरंटमध्ये असं झालं तर बाटली शांतपणे परत करा, तो ग्राहकाचा हक्क आहे. उलट उघडल्या उघडल्या काडेपेटीची काडी ओढल्यासारखा वास आला तर घाबरू नका. ग्लास दहा मिनिटं फिरवत राहिलात की तो बहुधा उडून जातो. तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे पांढरे खडे दिसले तर ते टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक, थंडीत तयार झालेले, पूर्ण निरुपद्रवी.

ग्लासनं विकणाऱ्या ठिकाणी एकच विचारा: बाटली कधी उघडली? काल किंवा आज असेल तर ठीक. उत्तर मिळालं नाही तर बिअर मागवा.

शाकाहारी वाचकांसाठी एक गोष्ट. वाईन नितळ करायला काही उत्पादक माशाच्या वाताशयातलं प्रथिन, अंड्याचा पांढरा किंवा दुधातलं केसिन वापरतात, काही नुसती बेंटोनाइट माती. लेबलवर व्हीगन असा उल्लेख असेल तर शंका मिटते. नसेल तर उत्पादकाच्या माहितीपत्रकात पाहावं लागतं.

तापमानात सगळ्यात जास्त चुका होतात, आणि त्या दोन्ही बाजूंनी. घरच्या फ्रिजमध्ये चार-पाच अंश असतात. तिथून काढून थेट ओतलेली शाब्ली नुसती आंबट आणि गंधहीन लागते. साध्या शाब्लीला नऊ ते अकरा अंश, प्रमिए क्रूला अकरा ते तेरा. व्यवहारात: फ्रिजमधून वीस मिनिटं आधी बाहेर काढा, बाकीचे अंश पुण्याच्या हवेत ग्लासातच चढतात. उलट, खोलीतली बाटली गार करायची तर बादलीत अर्धा बर्फ, अर्धं पाणी आणि मूठभर जाडं मीठ. बाटली मानेपर्यंत बुडाली की पंचवीस मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात जास्त वेळ लागतो, कारण खड्यांमध्ये हवा राहते. फ्रीजरमध्ये ठेवून विसरलात तर बूच बाहेर येतं किंवा बाटली तडकते. वाईनमध्ये बर्फ टाकू नका. ग्लास मध्यम आकाराचा, वर थोडा आत वळलेला, आणि एक तृतीयांशच भरा. भांड्यांच्या साबणाचा वास काचेला चिकटतो आणि या नाजूक वाईनचा सत्यानाश करतो, म्हणून आधी गरम पाण्यानं नुसतं खळबळून घ्या. बाटलीतून 150 मिलिलिटरचे पाच ग्लास होतात.

जेवणाची बाजू सगळ्यात आनंदाची. फ्रान्समध्ये शाब्ली म्हटलं की ऑयस्टर, म्हणजे आपली कालवं. पण तिकडे ती कच्ची खातात, पाण्याची तपासणी झालेल्या शेतीतली. इथे बाजारातली कालवं कच्ची खाऊ नका. त्याऐवजी तिसऱ्या करा. गणेश पेठेतल्या मासळी बाजारातून अर्धा किलो तिसऱ्या आणा, उघड्या आणि फुटलेल्या बाजूला काढा, मिठाच्या पाण्यात दोन तास ठेवा म्हणजे वाळू टाकतील. पसरट भांड्यात एक चमचा लोणी, ठेचलेल्या चार लसूण पाकळ्या, लाल होऊ न देता परता. तिसऱ्या घाला, 100 मिलिलिटर कोरडी पांढरी वाईन ओता (यासाठी नाशिकची सोव्हिन्यों ब्लाँ वापरा, शाब्ली नको), झाकण ठेवून मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटं. न उघडलेल्या टाकून द्या. मीठ घालू नका, तिसऱ्यांचं पाणीच खारट असतं. वरून मिरी आणि कोथिंबीर. या रसात पाव बुडवून खायचा आणि शाब्लीचा घोट घ्यायचा: त्या घोटाला वाईनचा खारटपणा आणि रसाचा खारटपणा एकमेकांत मिसळतात आणि सफरचंदाची चव एकदम पुढे येते.

तळलेले मासे ही दुसरी पक्की जोडी. बोंबील, मुडदुशी, पापलेट, सुरमई, रव्यात घोळवून. मसाल्याचं प्रमाण मात्र सांभाळा: अर्धा किलोला अर्धा चमचा तिखट, पाव चमचा हळद, मीठ, लिंबू थोडंच. आम्ल तेलाला कापतं म्हणून तळण आणि शाब्लीचं जमतं. तिखट वाढलं की चित्र पालटतं. अल्कोहोल जळजळ वाढवतं, आम्ल ती आणखी टोचरी करतं, आणि साखर नसल्यामुळे सावरायला काहीच उरत नाही. म्हणून मिसळ, ठेचा, तांबडा रस्सा, कोळीवाडा कोळंबी यांच्यासोबत शाब्ली उघडू नका. कोल्हापुरी पांढरा रस्सा मात्र जरूर, नारळ, तीळ आणि खसखशीचा स्निग्धपणा उजव्या काठाच्या प्रमिए क्रूला फार मानवतो.

शाकाहारी जेवणात सुरळीच्या वड्या सगळ्यात सरस. बेसन आणि ताकाचा आंबूसपणा, खोबरं, कोथिंबीर, हलकी फोडणी, काहीच वाईनच्या आड येत नाही. कोथिंबीर वडी, साबुदाणा वडा आणि दाण्याचं कूट घातलेली काकडीची कोशिंबीरही चालते, कोशिंबिरीत साखर टाळा. अळूवडी नको, गूळ आणि चिंच दोन्ही आडवे येतात. सोलकढी शेजारी ठेवू नका: आमसूल आणि कच्चा लसूण यांच्यापुढे वाईन पाण्यासारखी लागते. श्रीखंड, बासुंदीबरोबर ती नुसती व्हिनेगरसारखी वाटेल.

द्राक्षवर्षांबद्दल थोडक्यात. 2020 उष्ण वर्ष, पण तोल चांगला, त्याच्या प्रमिए क्रू आता सुंदर लागतील. 2021 दहिवराचं, माल कमी, वाईन बारीक आणि आंबट बाजूची. ज्यांना जुन्या धाटणीची शाब्ली आवडते त्यांच्यासाठी. 2022 उन्हाचं, भरीव आणि मनमोकळं, शाब्ली पहिल्यांदा पिणाऱ्यानं हेच शोधावं. 2023 मध्ये पीक भरपूर आलं, त्यामुळे उत्पादक पाहून घ्या, बेताच्या बाटल्या पातळ लागतात. 2024 मध्ये दहिवर, गारपीट आणि केवडा रोग असं सगळंच एकदम आलं, माल फार कमी निघाला, किमतीही तशाच.

उरलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा. साधी शाब्ली तीन दिवस टिकते, प्रमिए क्रू बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी जास्त मोकळी होते. न उघडलेली बाटली स्वयंपाकघरातल्या कपाटात, फ्रिजच्या डोक्यावर किंवा माळ्यावर ठेवायची नाही. वाईन फ्रिज असेल तर बारा-तेरा अंशांवर 2022 च्या प्रमिए क्रू पाच-सात वर्षं निश्चिंत ठेवता येतील. नसेल तर घरातल्या साध्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आडवी ठेवा आणि सहा महिन्यांत, काहीही झालं तरी पुढच्या मार्चच्या आत, संपवा.